पेन्सिल्व्हेनियात मेडिकल मारिजुआना कार्ड कमी खर्चात कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलाडेल्फिया, किंग ऑफ प्रशिया, हॅरिसबर्ग, पिट्सबर्ग या भागांतल्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी माहिती पेन्सिल्व्हेनियाची आहे, असं समजा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, तर आधी प्रश्न २ वाचा आणि मगच खर्चाचं गणित मांडा.

१. हे कार्ड म्हणजे नेमकं काय? डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन वेगळं आणि हे वेगळं का?

हो, वेगळं. संघीय कायद्यात, म्हणजे सगळ्या अमेरिकेला लागू असलेल्या कायद्यात, गांजा (मारिजुआना) हा नियंत्रित पदार्थ आहे आणि औषध म्हणून त्याला मान्यता नाही, त्यामुळे डिस्पेन्सरीतल्या मालाचं प्रिस्क्रिप्शन कुठलाही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही. डॉक्टर फक्त एवढं प्रमाणित करतात, की या रुग्णाला राज्याच्या यादीतला अमुक आजार आहे. त्या दाखल्यावर राज्याचं आरोग्य खातं ओळखपत्र देतं आणि ते दाखवल्यावर डिस्पेन्सरीत माल मिळतो. डिस्पेन्सरी म्हणजे आपल्याकडचा दवाखाना नव्हे, तर परवानाधारक विक्री केंद्र. एप्रिल २०१६ मध्ये हा कायदा झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रत्यक्ष विक्री सुरू झाली. शेजारच्या न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्या कुणालाही विकत घेता येतं, तशी सोय इथे नाही. पेन्सिल्व्हेनियात कार्ड हाच एक दरवाजा आहे.

२. मी एच-१बी व्हिसावर आहे (किंवा ग्रीन कार्डवर). राज्यात कायदेशीर आहे, मग कार्ड काढायला हरकत काय?

हरकत मोठी आहे. इमिग्रेशनचे निर्णय राज्याच्या कायद्यावर होत नाहीत, संघीय कायद्यावर होतात. त्या कायद्यात नियंत्रित पदार्थ बाळगल्याचा गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नाही. त्या गुन्ह्याचे घटक तुम्ही स्वतःच्या तोंडाने किंवा सहीने कबूल केलेत, तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या बाबतीत एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (संघीय इमिग्रेशन खात्याने) स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीच्या आड येऊ शकतो. ग्रीन कार्डसाठी आय-६९३ या फॉर्मची वैद्यकीय तपासणी होते, तिथेही अमली पदार्थांच्या वापराबद्दल विचारतात.

“आमची माहिती गोपनीय असते ना?” असं बरेच जण विचारतात. असते. रुग्णांच्या नोंदी गोपनीय ठेवणं राज्याच्या कायद्यातच आहे. पण फॉर्मवर शपथेवर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं, आणि खोटं उत्तर हा आणखी एक, जास्त गंभीर गुन्हा ठरतो. गोपनीयता तिथे कामी येत नाही.

मे २०२४ मध्ये गांजा नियंत्रित पदार्थांच्या संघीय यादीत सूची तीनमध्ये, म्हणजे कमी कडक गटात, हलवण्याचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा ‘आता प्रश्न मिटला’ असे मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरले. सूची तीनमधला पदार्थही नियंत्रित पदार्थच असतो, आणि इमिग्रेशनचा कायदा सूचीचा क्रमांक विचारत नाही.

म्हणून आमचं सांगणं सरळ आहे. नागरिक नसाल, तर कार्डाचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा भेटा. त्या भेटीची फी जे वाचवते, त्याच्यापुढे ती काहीच नाही. आणि त्रास खरा असेल, तर डॉक्टरांना एफडीए-मान्य (संघीय औषध नियामकाने मंजूर केलेल्या) औषधांबद्दल विचारा: केमोथेरपीच्या मळमळीसाठी ड्रोनाबिनॉल किंवा नॅबिलोन, आणि लेनॉक्स-गॅस्टो, ड्रॅव्हे किंवा ट्यूबरस स्क्लेरोसिसमधल्या फिट्ससाठी एपिडायोलेक्स. ही प्रिस्क्रिप्शनवर, फार्मसीतून, संघीय कायद्याच्या चौकटीत मिळतात आणि विम्यात बसू शकतात.

३. सगळा मिळून खर्च किती येतो?

दोन ठिकाणी पैसे लागतात. राज्याला कार्डाचे ५० डॉलर, दर वर्षी. आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांची फी, जी राज्य ठरवत नाही. ती साधारण १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान असते आणि नूतनीकरणाला बहुतेक ठिकाणी कमी घेतात. डॉक्टरांनी १२५ घेतले असं धरलं, तर वर्षाचे १७५ डॉलर, म्हणजे महिन्याला १५ डॉलरपेक्षा थोडे कमी. मालाची किंमत याच्यात धरलेली नाही, आणि वर्षभरात खरा खर्च तिथेच होतो (प्रश्न ९).

४. ५० डॉलरची फी माफ होते का?

मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा), स्नॅप (अन्नमदत), विक (माता-बालकांची अन्नमदत), चिप (मुलांचा विमा) किंवा ज्येष्ठांसाठीच्या औषधांची पेस अथवा पेसनेट यांपैकी एखाद्या योजनेत तुम्ही असाल, तर मार्च २०२२ पासून कार्डाची फी माफ आहे. पैसे भरण्याआधीच ही नोंद करा, कारण भरलेले पैसे परत मिळवण्याची आशा धरू नये. डॉक्टरांची फी मात्र या सवलतीत येत नाही. आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा पेसमध्ये असूनही पूर्ण ५० डॉलर भरतात, कारण औषधाच्या योजनेचा या कार्डाशी काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. घरात कुणी ६५ च्या पुढचं असेल, तर पाकिटात पेसचं कार्ड आहे का ते आधी बघा.

५. कोणत्या आजारांवर कार्ड मिळतं?

यादी राज्याची आहे. तिच्यात कॅन्सर, अपस्मार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, क्रोन्स आणि आतड्यांचे दाहक आजार, काचबिंदू, एचआयव्ही, ऑटिझम, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), सिकलसेल, न्यूरोपथी (नसांचा आजार), ओपिऑइडचं (अफूसारख्या वेदनाशामकांचं) व्यसन, तीव्र आणि जुनाट वेदना, शेवटच्या टप्प्यातला आजार वगैरे आहेत. जुलै २०१९ मध्ये चिंताविकार आणि टुरेट सिंड्रोम यांची भर पडली.

दोन गैरसमज नेहमी दिसतात. निद्रानाश यादीत नाही, म्हणून ‘झोप लागत नाही’ एवढ्यावर दाखला मिळत नाही. मधुमेहही यादीत नाही. पण मधुमेहामुळे पायांत जळजळ आणि मुंग्या येत असतील, नसांवर परिणाम झाल्याचं निदान कागदावर असेल, तर ते न्यूरोपथीत बसतं. शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नोंदीत निदान नेमकं काय लिहिलंय ते अपॉइंटमेंटच्या आधी वाचा.

६. अर्ज कसा करायचा? क्रमाने सांगा.

आधी आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर रुग्ण म्हणून नोंदणी करा. सुरुवात ‘पीए डॉट गव्ह’ पत्त्याच्या अधिकृत पानावरूनच करा. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण पेनडॉटचं (राज्याच्या वाहतूक खात्याचं) लायसन्स किंवा फोटो ओळखपत्र लागतं. नोंदणी झाली की एक रुग्ण क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, डॉक्टरांना तोच द्यायचा असतो.

मग राज्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांची वेळ घ्या. ते राज्याच्या प्रणालीत दाखला भरतात. त्यानंतर तुम्ही पुन्हा लॉगिन करून कार्डाचे पैसे भरायचे. कार्ड टपालाने घरी येतं, साधारण दोन आठवडे धरून चाला. हा क्रम उलटा होत नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधीच कुणी ‘कार्डाचे पैसे’ मागत असेल, तर ते राज्याचे नाहीत (प्रश्न ८).

७. माझी नोंदणी पुढेच सरकत नाही. चूक कुठे असेल?

बहुतेक वेळा नावात किंवा पत्त्यात. प्रणाली तुमची माहिती पेनडॉटच्या नोंदीशी ताडून बघते.

नावाची अडचण आपल्या लोकांना जास्त येते. भारतीय पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. लायसन्सवर त्यातलं दुसरं कधी मधल्या नावात जातं, कधी त्याचं एकच अक्षर उरतं, कधी दोन्ही शब्द पहिल्या नावातच राहतात. पासपोर्ट बाजूला ठेवा, लायसन्स समोर धरा आणि त्यावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, भरा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि लायसन्सवर माहेरचंच असेल, तर नोंदणीतही माहेरचंच टाका.

पत्त्याचंही तेच. घर बदललं की १५ दिवसांत पेनडॉटला कळवायचं असतं. ते ऑनलाइन होतं आणि त्याला फी नाही. अपार्टमेंट क्रमांक राहून गेला तर कार्ड परत जाऊ शकतं.

तिसरं कारण मुदत. व्हिसावर असलेल्यांचं लायसन्स व्हिसाच्या कागदांच्या मुदतीपुरतंच असतं. मुदतवाढीचा अर्ज अडकला आणि लायसन्सची तारीख उलटली, तर इथेही काम थांबतं. अर्थात व्हिसावर असाल, तर प्रश्न २ आधी येतो.

८. स्वस्त डॉक्टर कसे शोधायचे? ऑनलाइन ‘हमखास मंजुरी’च्या जाहिराती खऱ्या असतात का?

आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आहे. तिथून सुरुवात करा आणि तीन-चार ठिकाणी फोन करून भाव विचारा. फोनवर पाच गोष्टी विचारून घ्या: पहिल्या भेटीची फी किती, नूतनीकरणाची किती, दाखला नाकारला तर पैसे परत मिळतात का, भेट व्हिडिओवर होते का, आणि दाखला पूर्ण बारा महिन्यांचा देता का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. मुदत डॉक्टर ठरवतात, एक वर्षापर्यंत. सहा महिन्यांचा दाखला मिळाला तर वर्षात दोनदा फी जाते, आणि स्वस्त वाटलेला डॉक्टर महाग पडतो.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी राज्याचं चार तासांचं प्रशिक्षण घेऊन नोंदणी केली असेल, तर सगळ्यात उत्तम, कारण तुमचे कागद त्यांच्याकडेच असतात.

‘हमखास मंजुरी’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. डॉक्टरांना तुमची औषधांची नोंद राज्याच्या प्रणालीत बघावीच लागते आणि आजार यादीत आहे का ते तपासावंच लागतं. आरोग्य खात्याशिवाय दुसरं कुणीही कार्ड देत नाही. ‘प्रोसेसिंग फी’ घेऊन पीडीएफ पाठवणाऱ्या संकेतस्थळाचा कागद डिस्पेन्सरीच्या दारात चालत नाही. व्हिडिओवरची भेट मात्र फसवी नव्हे, डॉक्टर यादीत असले म्हणजे झालं.

९. विमा किंवा एचएसए वापरून पैसे वाचतील का? डिस्पेन्सरीत कमी खर्च कसा करायचा?

विमा ना दाखल्याची फी देतो ना मालाचे पैसे. एचएसए आणि एफएसए या वैद्यकीय खर्चाच्या करमुक्त खात्यांसाठीही आयआरएसचा (संघीय कर खात्याचा) नियम स्पष्ट आहे. संघीय कायद्याविरुद्धचा खर्च वैद्यकीय खर्चात धरता येत नाही, म्हणून त्या खात्याचं कार्ड इथे वापरू नका.

डिस्पेन्सरीत क्रेडिट कार्ड चालत नाही. रोख किंवा डेबिट न्या, कारण आतल्या एटीएमची फी विनाकारण लागते. पहिल्या भेटीला, ज्येष्ठांना, माजी सैनिकांना आणि मेडिकेड किंवा स्नॅपवर असलेल्यांना अनेक ठिकाणी सवलत असते. ती आपणहून मागावी लागते.

किंमत बघताना पाकिटावरचा आकडा नको, टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, मिलिग्रॅमला किती पडतं ते काढा. समजा, ३० डॉलरच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम आहेत आणि ४५ डॉलरच्या बाटलीत ३००. दुसरी महाग दिसते, पण मिलिग्रॅमला ती निम्म्याने स्वस्त पडते. तरीही पहिल्यांदा मोठी बाटली घेऊ नका. सोसली नाही तर सगळं वाया जातं आणि उघडलेला माल सहसा परत घेत नाहीत. पहिल्या भेटीत तिथल्या फार्मासिस्टशी निवांत बोला, रक्त पातळ करण्याच्या आणि फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. वॉरफरिन आणि क्लोबाझम या गोळ्यांचा परिणाम सीबीडीमुळे, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकामुळे, वाढू शकतो.

१०. खाण्याचे पदार्थ मिळतात का? घरी लाडवात घातलं तर चालेल?

पेन्सिल्व्हेनियाच्या डिस्पेन्सरीत गोळ्या, तेल, टिंक्चर, मलम, व्हेप आणि सुकं फूल मिळतं. तयार खाद्यपदार्थ विकायला परवानगी नाही. सुकं फूल फक्त व्हेपोरायझरने (वाफ करून) घ्यायचं, ते पेटवून ओढणं कायद्याला धरून नाही. घरी रोप लावणंही बेकायदेशीर.

स्वतःच्या वापरासाठी पदार्थात मिसळायला कायदा परवानगी देतो, पण आम्ही टिंक्चर किंवा कॅप्सूल सुचवतो, कारण तिथे मात्रा छापलेली असते. १०० मिलिग्रॅमचं तेल बेसनाच्या मिश्रणात घालून दहा लाडू वळले, तर हिशेबाने प्रत्येकी दहा मिलिग्रॅम. प्रत्यक्षात तूप कढईच्या कडेला साचतं आणि शेवटच्या दोन लाडवांत निम्मं उतरतं. नव्या माणसाला अडीच मिलिग्रॅम पुरतं. पोटातून घेतलेल्याचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झालं नाही’ म्हणून तासाभरात दुसरा खाणं, हीच नेहमीची चूक.

आणि लाडू मुलांना लाडूच दिसतो. डबा कुलपात ठेवा. मुलाने चुकून खाल्लं तर पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, आणि मूल झोपाळू होत असेल किंवा श्वास जड वाटत असेल तर थेट ९११.

११. आई-बाबा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेत. आईच्या गुडघ्यांसाठी कार्ड मिळेल?

नाही. कार्ड पेन्सिल्व्हेनियाच्या रहिवाशांना मिळतं आणि त्याला पेनडॉटचं ओळखपत्र लागतं. तुमच्या कार्डावर आणून त्यांना देणं हा गुन्हा आहे. बी-२ (पर्यटक) व्हिसावर प्रश्न २ मधला धोका त्यांनाही आहे, आणि त्यांची पुढच्या वर्षीची भेटच त्यात जाऊ शकते. गुडघ्यांसाठी इथल्या डॉक्टरला दाखवून साधी औषधं, फिजिओथेरपी हाच मार्ग.

१२. मुलाला ऑटिझम आहे किंवा वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी माल कोण आणणार?

केअरगिव्हर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारी नोंदणीकृत व्यक्ती. वय २१ किंवा जास्त हवं, वेगळी नोंदणी, वेगळं कार्ड आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासणी. गेल्या पाच वर्षांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. १८ वर्षांखालच्या रुग्णाला केअरगिव्हर असलाच पाहिजे. ठशांचा निकाल यायला वेळ लागतो, म्हणून रुग्णाची आणि केअरगिव्हरची नोंदणी एकाच दिवशी सुरू करा. नाहीतर रुग्णाचं कार्ड घरात पडून राहतं आणि त्याची मुदत मात्र चालू होते.

१३. कार्ड असताना गाडी चालवता येते का?

लायसन्स जात नाही, पण इथला डीयूआयचा (नशेत गाडी चालवण्याविरुद्धचा) कायदा कडक आहे. रक्तात टीएचसी किंवा त्याचे अंश कितीही थोडे सापडले तरी गुन्हा ठरतो, नशा चढलेली असो वा नसो. हे अंश शरीरात दिवसेंदिवस, रोज घेणाऱ्यांत तर कित्येक आठवडे राहतात. कार्ड दाखवून सुटका होत नाही. व्हिसावर असलेल्यांचा व्हिसा डीयूआयच्या अटकेवरच, निकालाआधी, रद्द होऊ शकतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत लोक या मुद्द्याला सर्वांत कमी महत्त्व देतात, आणि संसार विस्कटायला हाच एक पुरतो.

१४. कंपनीत कळलं तर नोकरी जाईल का?

फक्त कार्ड आहे म्हणून काढून टाकायला राज्याचा कायदा मनाई करतो. कामाच्या जागी वापर सहन करायला मात्र कंपनी बांधील नाही. ट्रक चालवणं आणि संघीय वाहतूक खात्याच्या चाचण्यांत येणारी इतर कामं, तसंच संघीय सुरक्षा परवान्याची कामं, यांना हे संरक्षण पुरत नाही.

१५. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्यांचं काय?

न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्यांना कार्डाशिवाय विकत घेता येतं. रुग्णाच्या कार्डाने ६.६२५ टक्के विक्रीकर वाचतो, त्यामुळे नियमित घेणाऱ्यालाच ते परवडतं. कॅलिफोर्नियात कार्ड काउंटी देते, फी १०० डॉलरच्या वर नेता येत नाही आणि मेडि-कॅलवर (तिथल्या मेडिकेडवर) असलेल्यांना ती निम्मी असते. तिथेही फायदा विक्रीकराचा. टेक्ससमध्ये कार्ड असा प्रकारच नाही. नोंदणीकृत डॉक्टर तुमचं नाव थेट राज्याच्या नोंदवहीत टाकतात, म्हणून तिथे ‘कार्ड काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका.

न्यू जर्सीतून स्वस्त आणून नदी ओलांडू नका. दोन्ही राज्यांत कायदेशीर असलं तरी राज्याची सीमा ओलांडून नेणं संघीय गुन्हा आहे. आणि दुसऱ्या राज्याच्या कार्डावर पेन्सिल्व्हेनियात माल मिळत नाही.

१६. भारतात जाताना थोडं तेल सोबत नेलं तर? तिथे असं कार्ड मिळतं का?

नेऊ नका. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा आणि चरस दोन्ही येतात, अमेरिकेतलं कार्ड तिथे कागदाचा तुकडा आहे. दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे जात असाल, तर तिथले कायदे त्याहून कठोर. बॅगेच्या कप्प्यात राहिलेली व्हेपची कांडीही पुरते, म्हणून निघण्याआधी बॅग रिकामी करून झटका.

भारतात रुग्णाचं कार्ड असा प्रकार नाही. एनडीपीएसच्या व्याख्येत शेंड्याशिवायची पानं येत नाहीत, त्यामुळे भांगेचा कारभार राज्यांच्या नियमांनी चालतो, आणि भांग असलेली आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात.

१७. नूतनीकरण कधी करायचं?

मुदत संपायच्या दोन महिने आधी डॉक्टरांची वेळ घ्या. नवा दाखला, मग पैसे, मग टपाल, असा तोच क्रम असतो आणि मध्ये कार्ड संपलं तर नवं येईपर्यंत डिस्पेन्सरी बंद. नूतनीकरणाला दुसऱ्या स्वस्त डॉक्टरकडे जायला काहीच आडकाठी नाही, रुग्ण क्रमांक तोच राहतो. फीमाफीची योजना वर्षभरात सुरू झाली असेल, तर ती या वेळी नोंदवायला विसरू नका (प्रश्न ४).

१८. कार्ड आधीच काढलंय, वापरही केलाय, आणि आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय. काय करू?

अर्ज भरायच्या आधी थांबा. वकिलाला सगळं खरं सांगा: कार्ड कधी काढलं, शेवटचं कधी वापरलं, कुठे विकत घेतलं. चारित्र्याचा विचार सामान्यतः अर्जाआधीच्या पाच वर्षांचा होतो, नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठी तीन वर्षांचा. त्यामुळे अर्ज केव्हा करायचा हाच अनेकदा वकिलाचा मुख्य सल्ला असतो. तोवर परदेश प्रवासही त्यांना विचारूनच करा. ग्रीन कार्डधारकालाही परत येताना विमानतळावर हेच प्रश्न विचारले जाऊ शकतात. कार्ड फेकून दिल्याने झालेला वापर पुसला जात नाही, आणि फॉर्ममधला प्रश्न ‘आजवर कधीही केलंय का’ असा असतो, ‘सध्या करता का’ असा नसतो.